ताकातला दिवा

एप्रिल महिन्यात माझ्या पर्समध्ये हमखास एक लाकडी पट्टी सापडते. वीतभर लांब. एका बाजूला रबरबँडने बांधलेली नऊ व्होल्टची बॅटरी, मधोमध लाल एलईडी आणि टोकाला खाली लोंबणाऱ्या दोन काळ्या कांड्या. एकदा मॉलच्या दारात तपासणी करणाऱ्या बाईने ती बाहेर काढली आणि दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं, "दीदी, मैं केमिस्ट्री पढ़ाती हूँ." तिचं काही समाधान झालेलं दिसलं नाही, पण तिने मला आत सोडलं.

ही पट्टी माझ्या बाबांनी केली आहे. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. मी घरी येऊन कुरकुर केली. बाबा तेव्हा रेल्वेत वायरमन होते. त्यांनी टॉर्चचे संपलेले सेल फोडले, त्यातल्या कार्बनच्या कांड्या काढून घासल्या, एका जुन्या फूटपट्टीला भोकं पाडली आणि रात्रीच्या जेवणाआधी ही वस्तू माझ्या हातात ठेवली. "पोट्ट्यायले दाखवल्याबिगर पटत नाही," एवढंच म्हणाले. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. एलईडी दोनदा बदलला, बॅटऱ्या किती बदलल्या ते आठवत नाही, पट्टी तीच आहे.

तिच्या जोरावर मी दरवर्षी दहावीला आयनिक बंध शिकवते. वाटीत कोरडं मीठ घ्यायचं, त्यात कांड्या खुपसायच्या. दिवा लागत नाही. वर्ग हिरमुसतो. मग त्याच वाटीत पेलाभर आरओचं पाणी ओतायचं आणि ढवळायचं. दिवा लागतो. मीठ तेच असतं. कोरडं असताना त्यातले सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की जागचे हलत नाहीत. पाण्यात ते सुटे होतात, फिरायला लागतात आणि वीज वाहून नेतात. साखरेच्या पाण्यात दिवा लागत नाही, कारण साखर विरघळली तरी तिच्यात आयन नसतात. "नमक सूखा हो तो गूँगा है," असं मी वर्गात सांगते. हे वाक्य मुलं परीक्षेतही लिहितात आणि मी त्याला अर्धा गुण देते.

तर गोष्ट अशी की या पट्टीने मी माझ्या बापावर चोरीचा आळ घेतला.

बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. म्हणजे मी त्यांना आणलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी आणि आईने आमच्या शहरापासून तासाभरावर अभनपुरला दोन खोल्यांचं घर बांधलं, कारण आईला अंगण हवं होतं. आई गेल्यावर ते तीन वर्षं तिथे एकटेच राहिले. दिवाळीच्या आठवड्यात बाजारात त्यांना चक्कर आली. बटाटेवाल्याने त्यांना पोत्यावर बसवलं, त्यांच्याच मोबाईलवरून शेवटचा नंबर लावला आणि तो माझा निघाला. "दीदी, बाबूजी बइठे हें, आप आ जाव," असं तो म्हणाला तेव्हा माझ्या हातात अकरावीच्या उत्तरपत्रिका होत्या. त्या तशाच कुठेतरी टाकून मी निघाले. त्या दिवशी तो नंबर माझा नसता तर, या विचाराने मला पुढे बरेच दिवस झोप लागली नाही. म्हणून मी ठरवलं होतं की बाबांना आता एकटं ठेवायचं नाही. त्यांनी काहीही म्हणावं.

डॉक्टरांनी सांगितलं, बीपी जास्त आहे. मीठ कमी, जड उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही. मी शिक्षिका आहे. मला नियम दिला की मी त्याची वही करते. अख्ख्या घराचं दिवसाचं मीठ मी सकाळी एका वाटीत काढून ठेवायची आणि डबा वरच्या फळीवर. वाटीत असेल तेवढ्यात तीन माणसांचा स्वयंपाक. मी, बाबा आणि माझी अकरावीतली लेक. नवरा नोकरीपायी भिलाईला, तो शनिवारी यायचा आणि आल्या आल्या लोणचं मागायचा.

बाबांनी तक्रार केली नाही. पण त्यांचा चेहरा तक्रार करायचा. चाळीस वर्षं छत्तीसगडात काढून त्यांना उन्हाळ्यात सकाळी बासी खायची सवय लागली होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी त्यात मीठ, वर कांदा आणि हिरवी मिरची. मी त्यांना बिनमिठाची बासी दिली. त्यांनी एक घास खाल्ला आणि वाटी बाजूला सारली.

"काय झालं?"

"काही नाही. आज पोट भरलं."

"एका घासात?"

"ह्यात खाण्यासारखं काय आहे मंग? नुसतं भिजत घातलं हाय हे. सिमेंट लावाच्या आधी विटा भिजवतात तसं."

लेक फिसकन हसली. ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. "मम्मी, नाना को थोड़ा तो दो." मी दिलं नाही. मला त्यांची कीव येत होती, पण कीव आली की मी आणखी कडक होते. हा माझा दोष आहे आणि तो मला बाबांकडूनच मिळाला आहे.

दुसरा नियम विजेचा. मार्च सरता सरता आमच्या फ्रिजला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायला लागल्या. वॉशिंग मशीनचंही तेच. पायात चप्पल असली तर ठीक, ओल्या पायांनी गेलं की हात झटकावा लागायचा. बाबा लगेच म्हणाले, "पाहू दे मले. अर्थिंग गेलं असन." मी म्हटलं, "तुम्ही विजेत हात घालायचा नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी कॉलनीतल्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो "हव दीदी, आवत हँव" म्हणाला, म्हणजे येतोच. पुढे दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तो तेच म्हणाला आणि आला नाही. मग आम्ही घरातही चपला घालूनच वावरायला लागलो. ज्या माणसाने उभी हयात रेल्वेच्या यार्डात तारा ओढल्या, त्याला मी फ्रिजकडे नुसतं पाहायलाही मनाई केली होती. तेव्हा मला ते प्रेम वाटत होतं.

आणि मग मीठ कमी व्हायला लागलं. वाटीतलं नाही, डब्यातलं. वरच्या फळीवरचा डबा मी एका सोमवारी भरला आणि पुढच्या सोमवारी तळ दिसला. नवीन पाकीट आणलं. तेही गेलं, आणि त्यानंतरचंही. कैरीच्या लोणच्यासाठी आणलेल्या खड्या मिठाची बरणी निम्म्यावर आली. घरात वरच्या फळीपर्यंत हात पोचणारी माणसं दोन, मी आणि बाबा. मी नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं. पण सरळ विचारायची रीत आमच्या घरात आईबरोबरच गेली. ती असताना मी तिला सांगायची, ती बाबांना सांगायची, आणि दोन्हीकडून निघालेला अर्धा राग तिच्यापाशीच राहायचा. आम्ही दोघं एका मातीचे. वर्गात मी मुलांना सैंधवाचा खडा हातोडीने फोडून दाखवते. तो वाकत नाही, चेपत नाही, सरळ रेषेत फुटतो. ठोका बसला की आयनांचा थर एक घर सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, सारखे सारख्याला ढकलतात आणि खडा दुभंगतो. आई होती तोवर आमच्या घरातली मांडणी बरोबर होती. ती गेली आणि आम्ही दोघं थेट समोरासमोर आलो.

त्यामुळे मी विचारलं नाही. मी प्रयोग केला.

बुधवार होता. शाळा सकाळची, त्यामुळे मी बाराला घरी. बाबा जेवणानंतर ताक पितात. त्या दिवशी अर्धा पेला तसाच ठेवून ते हात धुवायला गेले. मी पर्समधून पट्टी काढली. शास्त्र पाळायचं म्हणून आधी आरओच्या पाण्यात बुडवली. दिवा लागला नाही. मग पुसून त्यांच्या ताकात बुडवली. लाल दिवा लख्ख लागला. माझ्या अंगात नुसता संताप भरला, आणि खरं सांगायचं तर आपण किती हुशार आहोत हेही थोडं वाटलं.

बाबा हात पुसत आले. मी पट्टी तशीच पेल्यात धरली होती.

"हे काय आहे, बाबा?"

त्यांनी पाहिलं. 

"मी सकाळी ताकात मीठ घातलं नव्हतं," मी म्हटलं. "वाटीतलं सगळं भाजीत गेलं. मग हा दिवा कशाने लागला? डब्यातलं मीठ जातं कुठे? तीन पाकिटं झाली. तुमच्या जिवासाठी मी सगळ्यांना अळणी खायला घालते, पोरगी तोंड वाकडं करून जेवते, आणि तुम्ही चोरून खाता? लहान आहात का तुम्ही?"

लेक ताटावरून वर पाहत होती. तिच्यासमोर मी हे बोलायला नको होतं. ते मला वाक्य तोंडातून निघत असतानाच कळलं, पण ते थांबलं नाही.

बाबा पुढे आले. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, कांड्या पंच्याच्या टोकाने पुसल्या आणि ती उलटी करून पाहिली.

"हे मीच केलं होतं ना?"

"हो."

"चांगलं चालून राहिलं अजून," ते म्हणाले. पट्टी टेबलावर ठेवली आणि खोलीत गेले.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सांगितलं, "जावई शनिवारी येतीन ना, रविवारी मले अभनपुरले सोडून द्या म्हणा. घर बंद हाय किती दिवसाचं. वाळवी लागन." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. "मी बुद्धपौर्णिमेले येतो मंग," असंही म्हणाले, पाहुण्यासारखं.

मला बटाटेवाल्याचा फोन आठवला. अभनपुरच्या त्या दोन खोल्यांत त्यांना रात्रीबेरात्री काही झालं तर शेवटचा नंबर लावायलाही कोणी नव्हतं. पण मी "जाऊ नका" म्हटलं नाही. मी म्हटलं, "बघा, तुम्हाला वाटेल तसं." एवढी मी शिकलेली बाई.

त्या रात्री भांडी घासताना लेक शेजारी येऊन उभी राहिली. "मम्मी, एक बात बताओ. तीन किलो नमक कोई इंसान खा सकता है क्या?"

मी नळ बंद केला.

"और अचार वाला अलग," ती म्हणाली. कॉमर्सची आहे ती. "नाना तो पूरे ही खारे हो जाते."

मी तिला म्हटलं, जाऊन अभ्यास कर. दिवसाला किती मीठ शरीरात जावं आणि जास्त गेलं तर काय होतं, हे मी बोर्डावर लिहून शिकवते. तीन किलोचा हिशेब माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तरी मी मनाशी धरून बसले, की काही असो, ताकातला दिवा खोटा बोलत नाही.

शुक्रवारी दहावीत नेमका तोच पाठ होता. मी बोर्डावर सोडियम आणि क्लोरीन काढले, बाहेरच्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे बाणाने नेला. माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, सोडियम ने दिया, क्लोरीन ने लिया, दोनों खुश. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मैम, सोडियम को क्या मिला?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सोपं उत्तर पुस्तकात आहे, त्याची बाहेरची कक्षा पूर्ण झाली. पण ते पूर्ण खरं नाही, आणि त्या दिवशी मला ते सांगवेना. मी खडू खाली ठेवला आणि सांगितलं की सोडियम इलेक्ट्रॉन आनंदाने देत नाही. तो काढून घ्यायला ऊर्जा लागते, आणि क्लोरीनला तो मिळाल्यावर जी ऊर्जा सुटते ती त्याहून कमी भरते. नुसत्या देण्याघेण्यात तोटाच आहे. फायदा नंतर होतो, ते सगळे एकत्र येऊन रचून बसतात तेव्हा. मिठाच्या खड्यात एकाची एकाशी जोडी नसते. प्रत्येक सोडियमच्या भोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनच्या भोवती सहा सोडियम. सगळ्यांनी सगळ्यांना धरलेलं असतं, म्हणून तर मीठ वितळवायला आठशे अंश लागतात. सोडियमला काय मिळालं? बसायला जागा मिळाली, चहूबाजूंनी धरलेली.

मुलीने मान हलवली. मी प्रयोगाकडे वळले.

कोरडं मीठ, दिवा नाही. आरओचं पाणी, दिवा नाही. साखरेचं पाणी, दिवा नाही. मिठाचं पाणी, दिवा लागला, टाळ्या. मग नेहमीप्रमाणे मुलांनी हाताला येईल ते पुढे केलं. लिंबाचं सरबत लागलं, कारण आम्लातही आयन असतात, हे मी उत्साहाने सांगितलं. तेवढ्यात त्याच तिसऱ्या बाकावरच्या मुलीने आपली बाटली आणली. घरची लस्सी.

"मैम, इसमें नहीं जलेगा. मम्मी नमक नहीं डालतीं, सिर्फ़ चीनी."

मी कांड्या बुडवल्या. दिवा लख्ख लागला. बुधवारी बाबांच्या पेल्यात लागला होता तसाच.

"नमक नहीं है, मैम," ती पुन्हा म्हणाली.

नसणारच. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, दुधातले पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्लोराईडचे आयन असतात. ताक मिठाशिवायही वीज नेतं. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मी बुधवारी तुलनेला आरओचं पाणी घेतलं होतं. घ्यायला हवं होतं भांड्यातलं साधं ताक, जे माझ्याच हाताशी होतं. असली चूक दहावीच्या मुलाने केली असती तर मी त्याचा एक गुण कापला असता. चाळीस मुलांसमोर मी लस्सीच्या बाटलीत पट्टी धरून उभी राहिले, आणि दिवा जळत राहिला.

घरी आले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. चपला दारात काढल्या, हातपाय धुतले आणि तशाच ओल्या पायांनी पाणी काढायला फ्रिज उघडला. पाणी प्यायले. बाटली परत ठेवली. दार लावलं. आणि मग लक्षात आलं की काहीच झालं नाही. झिणझिण्या नाहीत. मी पुन्हा दाराच्या पत्र्यावर सगळा तळवा टेकवला. वॉशिंग मशीनला हात लावून आले. तिथेही काही नाही.

लेक सोफ्यावर आडवी पडली होती. "इलेक्ट्रिशियन आया था क्या?"

"नहीं तो. कोई नहीं आया."

"नाना कुछ कर रहे थे?"

"नाना क्या करेंगे? सुबह तुम्हारे जाने के बाद पीछे अमरूद को पानी देते हैं बस. लोटे से. मैंने बोला पाइप लगा दूँ, तो मना कर दिया."

मी मागच्या दाराने बाहेर गेले. पेरूच्या झाडाशी भिंतीला लागून हातभर सिमेंटचं झाकण आहे. त्यावर मी कधीतरी मोगऱ्याची कुंडी ठेवून दिली होती आणि ते झाकण विसरून गेले होते. कुंडी बाजूला सरकवलेली होती. ती उचललेली नव्हती, रेटत नेल्याची रेघ जमिनीवर दिसत होती. एवढ्या उन्हात सगळं अंगण तडकलेलं, आणि झाकणाभोवतीची माती ओली. ओलीच्या कडेने पांढरी पापडी धरली होती. मी खाली बसले, बोट लावून जिभेला लावलं. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही हे मी दर जूनला पहिल्या दिवशी सांगते. मीठ होतं.

झाकण उचललं. आत लोखंडी नळी, तिच्याभोवती काळा भिजलेला कोळसा आणि त्यावर अजून न विरघळलेले माझ्या लोणच्याचे खडे.

मी सात-आठ वर्षांची असेन, आम्ही रेल्वेच्या कॉलनीत राहायचो. उन्हाळ्यात बाबा सायकलच्या कॅरिअरला मिठाचं पोतं आणि हँडलला बादली अडकवून यार्डातल्या अर्थिंगच्या खड्ड्यांना पाणी घालायला निघायचे. सुट्टी असली की मला पुढच्या दांडीवर बसवायचे. झाकण ते उचलायचे, मीठ मी टाकायची. मी विचारलं होतं, एवढं मीठ कोण खातं? ते म्हणाले, "जमीन. करंट सुटला तं माणसाले बसाले नाही पाहिजे, जमिनीत जाले पाहिजे. म्हणून तिले खाऊ घालावं लागते." आणि मी नुसतं मीठ टाकून उठायला लागले, तेव्हा बादली माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पाणी घाल. कोरडं मीठ मुकं असते."

वीस-बावीस वर्षं मी हे वाक्य वर्गात म्हणते आहे. मला वाटायचं ते माझंच आहे.

मी तिथेच बसून रडले. ऊन होतं म्हणून फार वेळ नाही.

ते रोज सकाळी मी गेल्यावर फळीवरून मीठ काढत होते आणि लोट्या लोट्याने पाणी आणत होते, कारण बादली उचलायला मी मनाई केली होती. बुधवारी मी चोर म्हटलं तेव्हा त्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं. पण मग वाकून काम केल्याचं सांगावं लागलं असतं, आणि मी ते उद्यापासून बंद केलं असतं. मला शॉक बसू नये म्हणून त्यांनी ते चोर म्हणवून घेणं सोसलं. त्यानंतर ते फक्त सामान बांधायला लागले.

बाबा पुढच्या खोलीत होते. पलंगावर बॅग उघडी, शर्टाच्या घड्या घालून ठेवलेल्या. मी खड्या मिठाची बरणी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, खड्ड्याले अजून किती लागते?"

माझ्या तोंडून "ले" निघाल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणं सांगतलं?"

"फ्रिजनं."

"बसला का शॉक?"

"नाही बसला. म्हणून तं कळलं."

त्यांनी मान डोलावली, काम नीट झाल्यावर डोलावतात तशी. मी त्यांच्या शेजारी बसले. "चुकलं माझं, बाबा," मी म्हटलं. "आज वर्गात एका पोरीच्या लस्सीत दिवा लागला. बिनमिठाच्या. ताकात मीठ नसलं तरी लागतो. मी पाहिलंच नव्हतं नीट. तुमच्या ताकात मीठ नव्हतं आणि मी पोरीसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले."

बाबांनी घडी घातलेला एक शर्ट बॅगेत ठेवला.

"होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मीठ. बुधवारी होतं ताकात. चिमूटभर. खड्ड्यासाठी काढता काढता हाताले लागलं, तं म्हटलं जाऊ दे." मग बरणीकडे बघत, "तुयं मशीन बरोबर बोललं."

मला इतकं हसू आलं की लेक धावत आली. "क्या हुआ?" आम्ही तिला सांगितलं नाही. बाबा खाली मान घालून हसत होते, खांदे हलत होते, आणि माझ्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं होतं.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "जाऊ नका."

त्यांनी बरणी उचलून उजेडाकडे धरली, किती उरलंय ते पाहिलं.

"मीठ टाकून भागत नाही," ते म्हणाले. "पाणी रोज लागते. ऊन चढाच्या आधी. तुले असते का टाइम सकाळी?"

"नाही. साडेसहाला निघते मी."

"पोट्टी?"

"ती आठच्या आत उठत नाही."

"जावई?"

"ते शनिवारी येतात."

त्यांनी बरणी खाली ठेवली. मग बॅगेतला वरचा शर्ट काढून खुंटीला अडकवला. "मंग मलेच पाहावं लागन," ते म्हणाले. "जून लागेपर्यंत. आणि खडे मीठ आण पाच किलो, हे लोणच्याचं राहू दे."

दिवसाच्या वाटीतलं चिमूटभर मीठ मी आता त्यांच्या ताकासाठी राखून ठेवते. खड्ड्याजवळ मी एक स्टूल आणून ठेवलं, म्हणजे वाकायला नको. जून लागला तेव्हा मी काही विचारलं नाही, तेच चहा घेताना म्हणाले की पावसात मीठ वाहून जाते, लक्ष ठेवा लागते. मी हो म्हटलं. हिवाळ्यात म्हणाले, आता कोळसा बदलावा लागन, उन्हाळ्याच्या आत. मी त्यालाही हो म्हटलं.